कर्नाळ्यापासून पळस्पे फाट्यापर्यंत

परवाच्या रविवारी वस्तीतल्या अभ्यासवर्गाची बारा मुले आणि आमच्या घरची दोन, अशी चौदा पोरे घेऊन कर्नाळ्याला गेलो. पनवेल स्टँडवर पेणची एस.टी. धरली, की गोवा रस्त्यावर पक्षी अभयारण्याचे फाटक लागते. तिथे तिकीट काढायचे आणि झाडीतून चढायला लागायचे. धाकट्यांच्या चालीने दोन तास लागले. भाकरी-ठेचा सौ.ने बांधून दिला होता. पाणी मात्र भरपूर न्यावे.

वर सव्वाशे फुटांचा काळ्या दगडाचा सुळका उभा आहे. त्यावर आग्या मोहोळे असतात, म्हणून पोरांना आरडाओरडा करू दिला नाही. सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी आणि कोठारे आहेत. "हे कुणी खोदलं?" एकाने विचारले. मी म्हटले, ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

गुजरातचे सुलतान, अहमदनगरचा निजामशहा, वसईचे पोर्तुगीज, मोगल, सगळ्यांना हा किल्ला हवा होता. कारण बोरघाट उतरून पनवेल बंदराकडे जाणारी वाट इथून नजरेखाली राहते. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे 23 किल्ले द्यावे लागले, त्यांत कर्नाळाही होता. 1670 मध्ये मावळे आडोसे उभारत, एकेक पाऊल वर सरकले आणि तो परत घेतला.

जानेवारी 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने कर्नाळा जिंकला. कोरेगावची लढाई त्याच महिन्याची, हे पोरांनी न विचारताच सांगितले! पेशवाईत आपल्या माणसांचे काय हाल होते, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा किल्ला पडल्याचे दुःख मी करीत बसलो नाही. पण इंग्रजांशी झगडा तिथे संपला नाही.

पेशव्यांचे इथले किल्लेदार अनंतराव फडके. त्यांचे नातू वासुदेव बळवंत, जन्म 4 नोव्हेंबर 1845, जवळच्याच शिरढोणचा. पुढे ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाले. आई आजारी पडली तेव्हा साहेबाने रजा दिली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. रजेचा अर्ज हातात घेऊन साहेबाच्या दारात उभे राहणे काय असते, हे आम्हा कारकुनांना ठाऊक आहे. पुढे 1876-77 चा दुष्काळ आला. माणसे अन्नावाचून मरत होती आणि सरकारचा सारा चालूच होता.

सुशिक्षितांनी पाठ फिरवली, तेव्हा या ब्राह्मण कारकुनाला साथ दिली ती रामोशी, कोळी, भिल्ल आणि धनगरांनी. शस्त्रे चालवायला ते शिकले होते तेही गंजपेठेत आखाडा चालविणाऱ्या लहुजी वस्ताद साळव्यांकडे. लहुजी मांग समाजातले, जोतीराव फुल्यांच्या शाळांच्या पाठीशी उभे राहिलेले. फेब्रुवारी 1879 मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. या छाप्यांना दरोडा म्हणायचे की बंड, यावर थोरल्या पोरांत उतरताना बराच वाद झाला. मी बंड म्हणतो. पोट भरलेला माणूस फासाच्या वाटेने जात नाही.

फडक्यांचा उजवा हात म्हणजे रामोशी दौलतराव नाईक. मे 1879 मध्ये ते माणसे घेऊन कोकणात उतरले आणि पळस्प्याला श्रीमंतांचे वाडे लुटले. लूट घेऊन घाट चढल्यावर मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठले. दौलतराव गोळी लागून पडले, आणि बंडाचा कणाच मोडला. फडके 20 जुलैला विजापूरकडे पकडले गेले. पुण्यात खटला झाला, गणेश वासुदेव जोशींनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप भोगताना 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते एडनला वारले.

परतताना शिरढोणला उतरून फडक्यांचे स्मारक पाहिले. मग पळस्पे फाट्यावर थांबलो. ट्रकांच्या धुरात उभे राहून दौलतरावांची गोष्ट पुन्हा सांगितली, कारण मागची चार पोरे उतरताना पक्षी बघत रेंगाळली होती.

रात्री धाकटीने वहीत सहलीचे लिहिले. तारखा बरोबर होत्या, लहुजींचे नावही नीट होते. दौलतरावांच्या पुढे 'नाईक' मात्र राहिले होते. ते तिला लिहायला लावले.