बेचाळीस ऑल आऊट

जिंकण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. टीम जिंकली की पहिल्या पानावर फोटो, हारतुरे, मंत्र्यांची भाषणं. हरली की आतल्या पानावर चार ओळी, आणि शौकिनांच्या तोंडात शिव्या. मला या शिव्यांवर लिहायचंय. पन्नास वर्षं झाली, मॅच ऐकतोय, बघतोय. जिंकलेल्या मॅचांपेक्षा हरलेल्याच मला जास्त पाठ आहेत. आणि त्या त्या हरण्याला लोकांनी कुणाचं नाव दिलं, तेही पाठ आहे.

सुरुवात बेचाळीसपासून करतो.

साल १९७४. वरळीची बीडीडी चाळ. या सालाचं नाव काढलं की आपल्या माणसाला जानेवारी आठवतो. ५ तारखेची आंबेडकर मैदानावरची पँथरची सभा, दगडफेक. त्या दंगलीत रमेश देवरुखकर गेला. १० तारखेच्या मोर्चावर माडीवरून पाटा टाकला, भागवत जाधव गेला. मी बारा वर्षांचा होतो. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही रबरी बॉलनं खेळायचो ते बंद झालं. त्यांची पोरं त्यांच्या बाजूला, आम्ही आमच्या.

जूनमध्ये टीम इंग्लंडात होती. कॅप्टन अजित वाडेकर. याच वाडेकरनं १९७१ साली वेस्ट इंडिजला जाऊन जिंकलं होतं, इंग्लंडात जाऊन जिंकलं होतं. त्या खुशीत इंदूरला सिमेंटची भलीमोठी बॅट उभी केली होती लोकांनी. तर लॉर्ड्सची टेस्ट. इंग्लंडनं ६२९ कुटले. आपले ३०२. फॉलोऑन. शनिवारी संध्याकाळी बिनबाद २. रविवार सुटीचा. सोमवारी, २४ जूनला, उतरले आणि सतरा ओव्हरींत सगळा खेळ आटोपला. गावसकर ५, इंजिनियर ०, वाडेकर ३, विश्वनाथ ५. चंद्रशेखर जखमी, तो उतरलाच नाही. ४२ ऑल आऊट. एक डाव आणि २८५ रननं हार.

नाक्यावरच्या हाटेलात रेडिओ होता. जानेवारीनंतर त्या बाकड्यांवर दोन्हीकडची माणसं एकदम बसलेली मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिली. आमची माणसं, आणि आमच्यावर सोडावॉटरच्या बाटल्या फेकणाऱ्यांतली काही. बेचाळीस म्हटल्यावर सगळे गप्प. खरं सांगतो, मला ते गप्प बसणं बरं वाटलं. म्हटलं चला, एका दुःखात तरी सगळे एका बाकड्यावर आलो.

तेवढ्यात एकानं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि उठता उठता म्हणाला, "म्हारड्यागत खेळले साले."

कुणाला उद्देशून म्हणाला नाही. आमच्याकडं बघूनही म्हणाला नाही. शिंक यावी तसं सहज. दोघंतिघं हसले. आमच्यातलं कुणी बोललं नाही. पाच महिन्यांपूर्वी फुटलेली डोकी अजून नीट भरली नव्हती.

मी घरी येऊन टीमची नावं बोटांवर मोजली. इंजिनियर पारशी. आबिद अली मुसलमान. बेदी शीख. गावसकर, वाडेकर ही नावं तर पेपरात रोजचीच. यात म्हार कोण, मला कळेना. बाप मिलमधून आला होता. त्याला विचारलं. बाप म्हणाला, "झोप."

आता मला कळतं की प्रश्न अकरा जणांचा नव्हताच. इतकी वाईट हार ज्याच्या अंगावर घालावी असं माणूस या भाषेत आधीच तयार करून ठेवलेलं होतं. मैदानात आम्ही असो नसो.

आणि गंमत ऐका. त्या बेचाळीसमधले अठरा एकट्या एकनाथ सोलकरचे. नाबाद. बाकीच्या नऊ जणांचे मिळून चोवीस. हा सोलकर कोण? मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा पोरगा. तिथल्याच एका खोलीत वाढलेला. लहानपणी मोठ्यांच्या मॅच चालायच्या तेव्हा स्कोअरबोर्डावरचे आकडे बदलायचा. सगळे साहेब लोक तंबूत परतले, हा उभा राहिला. पण त्या संध्याकाळी हाटेलात कुणी म्हणालं नाही की बघा, माळ्याच्या पोरागत खेळला. चांगल्याला जात लावायची पद्धत नाही आपल्याकडं.

वाडेकरच्या घरावर लोकांनी दगड टाकले. इंदूरची ती बॅट विद्रूप केली. त्या दौऱ्यानंतर वाडेकर पुन्हा टेस्ट खेळला नाही. हे वाईटच झालं, मी त्याचं समर्थन करत नाही. पण दगड वाडेकरवर पडले, वाडेकरच्या जातीवर नाही. त्याच्या जातीचा कुणी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान खाली घालून गेला असेल असं मला वाटत नाही.

मागं आपल्या अभ्यासवर्गात पुणे करारावर बोलणं चाललं होतं. चहाच्या वेळेला मी एकाला स्कोअर विचारला तर एक तरणा कार्यकर्ता तावातावानं म्हणाला, "काका, तुम्ही मॅच कशाला बघता? ती त्यांची टीम. हरली तर हरली. आपलं काय गेलं?" पोरगा हुशार आहे, वाचतो. म्हणून त्याला उत्तर द्यायला पाहिजे.

त्यांची टीम म्हणतोस, तर पहिल्यापासून बघ. पळवणकर बाळू. जातीनं चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर रोलर ओढायचा, पिच तयार करायचा, नेट लावायचा. मग साहेबांना प्रॅक्टिससाठी बॉल टाकायचा. टाकता टाकता असा बॉलर झाला की पुण्याच्या हिंदूंना त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येईना. घेतला टीममध्ये. मैदानात त्यानं हाताळलेला बॉल सगळे हातात घेत. चहाला मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. पुढं मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळला. सोलकरचा बाप जिथं राबला तोच जिमखाना.

१९११ साली पहिली सगळ्या हिंदुस्थानची म्हणून टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन पतियाळाचा महाराजा. महाराजाला मेजवान्यांतून मैदानात यायला फारशी सवड झाली नाही. २३ मॅच, त्यातल्या १५ हरले, ६ जिंकले. आजच्या शौकिनांनी विमानतळावर अंडी फेकली असती. पण त्या दौऱ्यात बाळूनं ११४ विकेटी काढल्या. कॅप्टन राजा, टीम हरतेय, आणि एका बाजूनं चांभाराचा पोरगा दिवसभर बॉल टाकतोय. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं बाळूचा सत्कार केला. मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं असं सांगतात. पंधरा मॅच हरून आलेल्या टीममधल्या माणसाला हार घालणारे आपले आजे-पणजे होते. हरलं कोण आणि जिंकलं कोण, हे पेपरातल्या आकड्यावरून ठरवणारी ती माणसं नव्हती.

(याच बाळूला १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. बाबासाहेब जिंकले हे बरंच झालं. पण परळ-भायखळ्याच्या एखाद्या खोलीत बाप बाळूच्या बॉलिंगवर जीव टाकणारा आणि मुलगा स्वतंत्र मजूर पक्षाचा असेल, तर त्या रात्री त्या घरात जेवताना काय बोलणं झालं असेल, याचा मी कधी कधी विचार करतो.)

तर पोरा, रोलर आपल्या हाताचा आहे. टीम त्यांची कशी?

मधल्या हारी भराभर सांगतो. १ डिसेंबर १९८२, दिल्लीचं एशियाड, हॉकीची फायनल. इंदिरा गांधी मैदानात हजर. पहिला गोल आपला, मग पाकिस्तानचे सात. आमच्या मजल्यावर एकाच खोलीत टीव्ही. दारात चपलांचा ढीग. शेवटच्या गोलाला निम्म्या चपला उचललेल्या. गोली मीररंजन नेगी. त्यानं पैसे खाल्ले अशी आवई उठली, पुरावा कुणाकडं नाही. बिचाऱ्याला वर्षानुवर्षं तोंड लपवावं लागलं. २००७ साली 'चक दे इंडिया' आला तेव्हा लोकांना नेगी आठवला. सिनेमातला खेळाडू मात्र मुसलमान दाखवलाय. हरल्यावर या देशात संशय कुणावर जातो हे लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं.

१३ मार्च १९९६, ईडन गार्डन, वर्ल्ड कपची सेमीफायनल. श्रीलंकेचे २५१. आपले १ बाद ९८, आणि बघता बघता ८ बाद १२०. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, बाकडी पेटवली. मॅच तिथंच थांबवून श्रीलंकेला दिली. चाळीतून वर आलेला विनोद कांबळी रडत रडत आत गेला. मला विचाराल तर सगळ्या हारींत लाजिरवाणी ही. कारण टीम हरत होती, पण मॅच हरवली शौकिनांनी.

बेचाळीसचा डाग तेवढा धुतला गेला. १९ डिसेंबर २०२० ला ॲडलेडमध्ये ३६ ऑल आऊट. एकाच्याही नावावर दोन आकडी रन नाही. आपला आणि या देशाच्या बॅटिंगचा आकडाच छत्तीसचा, असं मी चाळीत म्हणालो तर सगळे हसले. महिनाभरात त्याच टीमनं ऑस्ट्रेलियात सिरीज २–१ जिंकली. छत्तीसला कुणी जात विचारली नाही. विचारायला नकोच.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं तिथं येतो.

वंदना कटारिया. हरिद्वारजवळचं रोशनाबाद. आपली पोरगी. मे २०२१ मध्ये तिचा बाप वारला. ती बंगलोरला ऑलिंपिकच्या कॅम्पात. बापाच्या मातीला जाता आलं नाही. टोकियोत ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं एकटीनं तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय बाई. ती मॅच ४–३ जिंकली म्हणून टीम पुढं गेली. मग ऑस्ट्रेलियाला १–० हरवलं. भारताच्या पोरी पहिल्यांदा ऑलिंपिकच्या सेमीफायनलला.

४ ऑगस्टला अर्जेंटिनानं २–१ हरवलं. एका गोलानं. सात–एक नाही, बेचाळीस नाही. ज्या हारीवर छाती काढून चालावं अशी हार. आणि त्या संध्याकाळी रोशनाबादला तिच्या घरासमोर सवर्णांच्या पोरांनी फटाके फोडले. नाचले. घरच्यांना जातीवरून शिव्या घातल्या. टीममध्ये दलित जास्त झाले म्हणून हरली, असं ओरडले. घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली, ॲट्रॉसिटी लागली, अटक झाली.

आपल्याच देशाची टीम हरली म्हणून फटाके! एवढ्या वर्षांत मी दगड पाहिले, जाळपोळ पाहिली, पुतळे जाळलेले पाहिले. हे पाहिलं नव्हतं. आम्हाला देशभक्तीची सर्टिफिकिटं मागणाऱ्यांच्या गल्लीत हे झालं.

त्याच सालच्या २४ ऑक्टोबरला पाकिस्ताननं दुबईत दहा विकेटींनी हरवलं. अकरा जण हरले, शिव्या एकट्या मोहम्मद शमीला. पुढच्या सप्टेंबरात अर्शदीप सिंगच्या हातून एक कॅच सुटला, तर तो लगेच खलिस्तानी. नव्या पोरांच्या हातात मोबाईल आहे एवढंच. त्या हाटेलातला बशीवाला अजून उठतो, तोंड पुसतो आणि बोलतो.

आणि म्हणून, मित्रा, तुझं ते वाक्य मला सलतं. "ती त्यांची टीम." रोशनाबादला फटाके फोडणारेही हेच म्हणत होते. टीम आमची, तुम्ही आत कशाला आलात. तू इकडून म्हणतोस, ते तिकडून म्हणतात, आणि मधे वंदना हातात स्टिक घेऊन उभी आहे. तिनं काय करावं? तिनं बॉल आपला मानला. मीही मानतो. मला माझ्या टीमच्या हारीवर साधं, सगळ्यांसारखं वाईट वाटून घ्यायचंय. पहिल्यांदा आजूबाजूला बघायचं, कोण काय बोलतो ते ऐकायचं, मान खाली घालायची, मग वाईट वाटून घ्यायचं, हे मला नकोय. बारा वर्षांचा असल्यापासून हेच करत आलोय.

६ ऑगस्टला ब्राँझची मॅच होती, ग्रेट ब्रिटनशी. फटाक्यांना दोन दिवस झाले होते. घरी काय झालं ते तिच्या कानावर गेलं होतं का, मनात काय होतं, ते तिचं तिला माहीत. सकाळची मॅच. आम्ही पाचसहा जण टीव्हीसमोर. आपण ०–२ नं मागं. गुरजीत कौरनं दोन मारले, बरोबरी. मग वंदनाचा गोल. ३–२. आमच्यातला एक म्हातारा, ज्याला हॉकीतलं काही कळत नाही, तो उठून उभा राहिला आणि "जयभीम" म्हणून ओरडला. पोरं हसली. पुढं ब्रिटननं दोन केले.

४–३ नं हरलो. मेडल गेलं. मैदानात पोरी बसून रडत होत्या. म्हातारा खुर्चीवर बसला आणि विचारत राहिला की आता परत खेळवत नाहीत का, आणि कुणी त्याला उत्तर दिलं नाही, कारण सगळ्यांचे घसे दाटले होते.