तो विकला गेला नव्हता

दोडामार्गच्या आमच्या गटातला एक कार्यकर्ता काही वर्षांपूर्वी डिसेंबरात गायब झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायची गाडी त्यानेच ठरवली होती, माणशी पैसे त्यानेच गोळा केले होते, आणि निघायच्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन बंद. आम्ही पदरचे पैसे घालून गेलो. परत आल्यावर बैठक बसली. पहिलाच प्रश्न आला, "किती घेतले त्याने?" पुढच्या दहा मिनिटांत आम्ही त्याला दोन वेगवेगळ्या पक्षांना विकून मोकळे झालो. त्या बैठकीत आम्ही सगळे होतो, आणि त्याच्या घरी जाऊन दार वाजवावं असं एकालाही सुचलं नाही.

हा लेख त्याला दाखवून टाकतोय. त्याने दोन जागी खोडलं आणि एका जागी समासात लिहिलं, "इतकं गोड नको."

महिन्याभराने आमच्यातले दोघं गेले ते पैशांचा हिशेब मागायला. पैसे रुमालात बांधून ठेवलेले होते, एक रुपया कमी नाही. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची आई म्हणाली, "रातभर निजणा नाय, मगे आठ आठ दिस उठणा नाय. माका वाटला तुमका म्हायत आसा."

म्हायत होतं, पण अर्धंच. रातभर न निजणारा तो आम्हाला चांगला ठाऊक होता आणि आवडतही होता. १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस तो रोज तीन तास झोपायचा. गोव्यातल्या कारखान्यात ठेकेदाराकडे पाळी करायची, मोटारसायकलवरून सीमा ओलांडून घरी यायचं, आंघोळ करून पताका लावायला हजर. भाषण असं करायचा की म्हातारी माणसं रडायची. प्रत्येक वाडीत वाचनालय काढायचं, असं त्याने एका रात्रीत ठरवलं आणि तीन ठिकाणी जाहीरही केलं. साउंड सिस्टिमसाठी पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. आम्ही म्हणालो, कार्यकर्ता असावा तर असा. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, हा बघा!

बाबासाहेबांच्या अठरा तासांबद्दल इथेच बोलून घेतो. जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, चांगलं आहे, आम्हीही बसलोय. पण त्याच बाबासाहेबांचं १० ऑगस्ट १९५१ चं नेहरूंना लिहिलेलं पत्र आम्ही कधी भाषणात सांगत नाही. प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, डॉक्टर महिनाभराचे उपचार सुचवत आहेत आणि ते पुढे ढकलता येणार नाहीत, म्हणून हिंदू कोड बिल त्याआधी घ्या, असं कायदामंत्र्याने पंतप्रधानांना लेखी कळवलं होतं. मधुमेह होता, पायांचं दुखणं होतं, इन्सुलिन चालू होतं. आजार लपवून चळवळ होते असं त्यांनी मानलं नाही. आम्ही मात्र त्यांच्या जागरणाचा फोटो भिंतीवर लावला आणि औषधाची बाटली फोटोच्या चौकटीबाहेर ठेवली.

त्याच्या आजाराचं नाव सायक्लोथायमिया. शब्द जुना आहे, कार्ल कालबाउम या जर्मन डॉक्टरने १८८२ साली वापरलेला. मन काही दिवस चढतं, काही दिवस उतरतं, पण दोन्हीकडे टोक गाठत नाही. चढतं तेव्हा झोप कमी लागते आणि तरी थकवा येत नाही, बोलणं वाढतं, योजना सुचतात, खर्च होतो, भांडणं होतात. उतरतं तेव्हा सगळं जड होतं आणि आपण कुचकामी आहोत अशी खात्री पटते. मोठ्या माणसात हे किमान दोन वर्षं चालू असेल आणि मधे सलग दोन महिनेही मोकळे गेले नसतील, तर डॉक्टर हे निदान करतात. आम्ही याला भरती-सुकती म्हणतो. आमच्या तालुक्याला समुद्र नाही, तरी. फरक इतकाच की भरती पंचांगात बघून सांगता येते, ही येत नाही. 'सौम्य' हा शब्दही फसवा आहे. रोजगार, कर्ज, मैत्री यांचं नुकसान सौम्य होत नाही, आणि काहींच्या बाबतीत पुढे जाऊन हा बायपोलर आजार होतो.

हे नाव कळायला दोन वर्षं गेली. आधी शेजारणीच्या सांगण्यावरून आई घाडीकडे जाऊन आली. छप्पन साली देव बुडवलेलं घर. आम्ही तिला बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. तिने शांतपणे विचारलं, "मगे तुमी काय केल्यात?" उत्तर नव्हतं. घाडी निदान अंगणात तरी आला होता.

मग एका खासगी डॉक्टरने डिप्रेशनची गोळी दिली. तीन आठवड्यांत तो असा चढला की सुपरवायझरशी भांडून घरी आला. डॉक्टरला पूर्ण दोष देता येत नाही. माणूस उतरलेला असतानाच दवाखान्यात जातो, चढलेला असताना 'मला काय झालंय' म्हणून फिरतो. डॉक्टरसमोर अर्धाच आजार येतो. नैराश्याची नुसती गोळी अशा माणसाला वर ढकलू शकते, म्हणून पुढच्या वेळी आम्ही दोघं सोबत गेलो आणि एप्रिलची गोष्टही सांगितली. थायरॉईड तपासलं, कारण तेही असं सोंग आणतं. मग निदान झालं.

कुठे जायचं हा आमच्या तालुक्याचा वेगळा रडगाणा आहे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, पण इथून सुमारे दोनशे किलोमीटर, आणि 'रत्नागिरीक धाडूक होयो' ही आमच्याकडे शिवी आहे. बांबोळी जवळ. तिथे मनोविकारांची स्वतंत्र संस्था आहे, पण राज्य दुसरं. २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. त्या आंदोलनात हृदयाची, अपघाताची, बाळंतपणाची गोष्ट झाली. मनाची आम्हीही काढली नाही. वास्तविक २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कलम १८ मध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क देतो, आणि भेदभाव कशावरून करायचा नाही त्या यादीत जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. रात्रीअपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मराठीत उचलला जातो, मोफत.

आता एक अवघड मुद्दा. आपल्या पोरांना मानसशास्त्राच्या भाषेचा संशय येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. रोहित वेमुलाला वसतिगृहाबाहेर काढलं, त्याची शिष्यवृत्ती अडली, १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, आणि रूपनवाल आयोगाला कारण सापडलं ते त्याच्या वैयक्तिक निराशेत. व्यवस्थेला स्वतःचा हात लपवायचा असला की ती आमच्या डोक्यात दोष शोधते. तेव्हा राग हा आजार नाही, हे आम्ही ठणकावून सांगू. पण म्हणून आजार हा राग ठरत नाही. आमच्या मित्राला जात भोगावी लागली आणि त्याला सायक्लोथायमियाही आहे. एकासाठी लढायचं आणि दुसऱ्यासाठी गोळी घ्यायची, यात विसंगती कुठे आहे?

ही भाषा परकेच वापरतात असंही नाही. गेल्या वर्षी समाजमंदिराच्या बांधकामाचा हिशेब त्याने बैठकीत मागितला. आवाज चढला होता, कबूल. आमच्यातला एक ज्येष्ठ म्हणाला, "दादा, आज गोळी घेतलीस ना?" सगळे हसले. आम्हीही. तो खाली बसला. तो तेव्हा चढलेला नव्हता, आठ दिवसांची झोप व्यवस्थित होती, वहीत नोंद आहे. प्रश्न बरोबर होता. मागे गेल्यावर आम्हाला आजाराचं नाव मिळालं होतं, आणि पहिल्याच संधीला आम्ही ते त्याचं तोंड बंद करायला वापरलं. त्याच कायद्याचं कलम ३ सांगतं की कोणाची राजकीय वा सामाजिक स्थिती किंवा समाजाच्या रूढ मतांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आजही तो आजारी आहे असं म्हणता येत नाही. हे कलम विद्यापीठाच्या कुलगुरूंना जितकं लागू आहे तितकंच आमच्या बैठकीला.

त्या वहीबद्दल. साधी शंभर पानी वही. रोज रात्री चार नोंदी: किती तास झोप, मन कसं (उणे पाच ते अधिक पाच), कोणती पाळी, दारू घेतली का. सीमेपलीकडे दारू स्वस्त, हा शेवटचा रकाना म्हणून. चार महिन्यांनी पानं उलटून बघितली तर चढ बहुतेक वेळा रात्रपाळीच्या आठवड्यानंतर लागत होता. मनाचं घड्याळ झोपेच्या घड्याळाला बांधलेलं असतं, आणि ठेकेदार दर आठवड्याला ते फिरवत होता. रात्रपाळी बदलून मागायला तो एकटा गेला तर नाही म्हणाले. पाच जण गेलो तेव्हा दिवसपाळी मिळाली, भत्ता गेला. घरात त्यावरून कटकट झाली, अजून होते. औषध कोणतं आणि किती, ते त्याचं आणि डॉक्टरचं.

गटात काही गोष्टी ठरवल्या, त्यानेच सुचवलेल्या. झोप सलग तीन रात्री पाच तासांच्या खाली गेली की पावती पुस्तक दुसऱ्याकडे जाईल. नवी योजना पंधरा दिवस वहीत राहील, मग बैठकीत येईल. उतरलेला असताना दिलेला राजीनामा घ्यायचा नाही. आणि जयंतीच्या ड्युट्या सगळ्यांच्याच वाटून लावायच्या, कोणीही सलग दोन रात्री जागायचं नाही. यावर कुरकुर झाली. एक तरुण म्हणाला, मग मिरवणुकीला मजा काय राहिली. मजा थोडी कमी झाली, हे खरं.

ऑगस्टमध्ये धो धो पावसात त्याचा राजीनामा मोबाइलवर आला, रात्री सव्वादोनला. सचिवाने सकाळी उत्तर दिलं, "वहीत टाकलाय. दसऱ्यानंतर बघू." रविवारी आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. ओसरीवर बसलो, आईने चहा केला, तो बाहेर आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी आतूनच आवाज आला, समाजमंदिराच्या हिशेबाचं काय झालं?

हिशेब अजून आलेला नाही.