चेहरा नसलेली बाई

मांजर आणि उंदीर यांच्या भांडणात मनुष्याचे स्थान कोणते, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नसता. तो आमच्या सहा वर्षांच्या कन्येने विचारला. 'टॉम अँड जेरी'चे जुने भाग पाहताना ती म्हणाली, "बाबा, ह्या मावशींना तोंड का नाही?"

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली ही मालिका सुरू केली. तेव्हापासून १९५२ पर्यंत त्या घरात एक कृष्णवर्णीय बाई वावरत असे. पायांतल्या सपाता, एप्रन आणि हातातला झाडू एवढेच तिचे दर्शन. १९५० च्या एका भागात ती धावत येते तेव्हा तिचा चेहरा निमिषमात्र दिसतो, तेवढाच. तिला आवाज देणाऱ्या लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचे नावही श्रेयनामावलीत नसे. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने अशा चित्रणास हरकत घेतली. पुढे १९६० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी जुने भाग दुरुस्त करताना तिच्या जागी आयरिश धाटणीने बोलणारी गोरी बाई आणली गेली. रंग बदलला; उच्चारावर हसण्याची सोय मात्र कायम राहिली.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणांस ही कथा परकी वाटू नये. हिंदी चित्रपटांतली घरकामाची 'बाई' किंवा हवालदार मराठी वळणाचे हिंदी बोलू लागला की खसखस पिकते. आमचे येथील शेजारी सज्जन आहेत. पण अशा वेळी ते कौतुकाने आमच्याकडे पाहतात आणि त्या कौतुकाने आम्ही अवघडून जातो. आमच्या मित्रमंडळींस याचा मोठा राग. परंतु आपल्या प्रहसनांतला 'भय्या' तरी कोण असतो? दुधात पाणी घालणारा, मोडके मराठी बोलणारा, बिननावाचा. जबलपुरात मात्र आमच्या दूधवाल्याची भाषा निर्दोष आहे. मोडकी बोलतो ते आम्हीच. हिंदीत स्त्रीलिंगी असलेला आत्मा आमच्या तोंडी अद्याप पुल्लिंगीच आहे!

कुणास खाली न पाहावयास लावताही मुलांना रमविता येते. मुंबईत जन्मलेल्या, लग्नानंतर पाटण्यास गेलेल्या आणि केंद्र सरकारच्या सेवेत राहिलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली 'एक अनेक और एकता' हा लघुपट केला. त्याची चलच्चित्रे भीमसेन यांची. शिकाऱ्याचे जाळे घेऊन उडालेले पक्षी आणि ते जाळे कुरतडणारे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या मुलांना आवडले. परक्या मुलखात राहिलेल्या मराठी बाईस हे सुचावे, यात आम्हांस नवल वाटत नाही.

विनोदाशी आमचे वैर नाही. टॉमला चेहरा आहे, जेरीलाही आहे. म्हणून त्यांच्या फजितीस हसता हसता आपला त्यांच्यावर लोभ जडतो. चेहरा नसलेल्या माणसावर केवळ हसता येते.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा मुलांचे प्रहसन आहे. त्यातला दूधवाला काढून टाकावा, असे काहींचे म्हणणे पडले. आम्ही तो ठेवला आहे. त्याला नाव दिले, गाव दिले, बायकोची पत्रे दिली. आणि नाटकातली सर्वांत चतुर वाक्ये त्याच्याच तोंडी घातली आहेत.