तारा धरणारी पट्टी

विजेच्या तारेकडे कुणी निरखून पाहत नाही. दिवा लागला की तिचे काम झाले! मग ती तार भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पट्टीची दखल कोण घेणार? मला मात्र ही पट्टी फार आवडते.

आमच्या लहानपणी घरोघरी सागवानी बॅटन असे. त्यावर थोड्या थोड्या अंतराने पत्र्याची बोटभर क्लिप चुकेने ठोकायची, तीवर तारा ठेवायच्या, एक टोक दुसऱ्याच्या भोकातून ओवायचे आणि मागे दुमडायचे. ना स्क्रू, ना गाठ. (चुका ठोकल्याशिवाय घरात उजेड पडत नाही, हा विनोद आमचे वायरमन दर घरी करीत.) तार बदलायची झाली तर दुमडलेली जीभ उचलली की पट्टी मोकळी.

नायलॉनच्या टायचा स्वभाव निराळा. विमानांच्या कारखान्यात मेणलावल्या दोरीने तारांच्या जुड्या बांधताना कामगारांची बोटे सोलून निघत. ते पाहून मॉरस लोगन या अमेरिकन गृहस्थाने ही युक्ती काढली आणि १९५८ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पट्टीला बारीक दाते, डोक्यात एक खिटी. ओढली की पुढे सरकते. परतीची वाट नाही. सोडवायची तर कापायचीच!

हे सारे मला आमच्या बी. ए.च्या वर्गातल्या, शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या एका मुलाने शिकवले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आसऱ्याने लहानमोठ्या कारखान्यांची वस्ती वाढली. त्यांतल्याच एका छोट्याशा शेडमध्ये हा मुलगा रात्रपाळीत तारांच्या जुड्या बांधतो.

"रात्रभर करतोस तरी काय रे?" मी विचारले.

त्याने पिशवीतून एक टाय काढून टेबलावर ठेवला. "सर, घट्ट ओढणं कुणालाही जमतंय. तारेचं कातडं दबायला नको अन् गाडी पळताना जुडी खुळखुळायला बी नको. टेलिफोनच्या काचतंतूच्या केबलीचं तर आणखी नाजूक. ती आवळून वाकवली की आतला उजेड गळतो."

मग त्याने आपली बोटे दाखवली. टायचे शेपूट कापले की उरलेले टोक पात्यासारखे राहते. बोटांवर त्याच्या रेघाच रेघा होत्या.

निबंधाच्या वहीमागे त्याने एक चित्र काढले होते: प्लॅस्टिकचीच पट्टी, पण मधोमध दुमडणारी, जीभ खाचेत अडकते, नखाने दाबली की सुटते. उघडणारे टाय बाजारात आहेत, हे मी सांगून पाहिले. "पण त्यांना शेपूट असतंय ना, सर!" हे उत्तर मला बिनतोड वाटले. व्याकरणात त्याने असे एक उत्तर दिले असते तर!

चित्र साहेबांना दाखवण्यासाठी त्याला अर्ज हवा होता. तो मी लिहून दिला आहे. हजेरीपट मात्र शुक्रवारी द्यायचा आहे. पंच्याहत्तर टक्क्यांचा नियम आहे, आणि त्याच्या नावापुढचा रकाना मी अजून भरलेला नाही.