बाकावरचा गोलकीपर

फुटबॉलमध्ये सगळ्यात अवघड जागा कोणती, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, गोलकीपरची. मी म्हणेन, बाकावर बसलेल्या दुसऱ्या गोलकीपरची. बाकीच्या राखीव खेळाडूंना निदान शेवटची वीस मिनिटं मिळण्याची आशा असते. गोलकीपर मात्र दुखापत किंवा लाल कार्ड असल्याशिवाय सहसा बदलत नाहीत. म्हणजे याला संधी मिळायची तर दुसऱ्याचं काहीतरी बिनसावं लागतं, आणि तो दुसरा रोज याच्याच बरोबर सराव करत असतो.

स्पेनचा होसे मानुएल पिंतो बघा. 2005-06च्या मोसमात सेल्टा व्हिगोकडून खेळताना त्याने सामोरा ट्रॉफी मिळवली. लीगमध्ये सामन्यामागे सर्वांत कमी गोल खाणाऱ्या गोलकीपरला ती देतात. 2008मध्ये तो बार्सिलोनात आला आणि 2014पर्यंत व्हिक्टर वाल्देसच्या मागे राहिला. त्याच्या वाट्याला मुख्यतः ‘कोपा देल रे’, म्हणजे राजाच्या नावाची कपस्पर्धा. 2009च्या सेमीफायनलमध्ये त्याने मायोर्काची पेनल्टी अडवली. फायनलही तोच खेळला आणि बार्सिलोना 4-1 जिंकली. दोन आठवड्यांनी रोममध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, तेव्हा गोलमध्ये वाल्देस होता.

पेपे रेइनाची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. 2010च्या वर्ल्ड कपमध्ये तो स्पेनच्या संघात होता, पण एक मिनिटही खेळला नाही. क्वार्टरफायनलमध्ये पराग्वेला पेनल्टी मिळाली, तेव्हा स्कोअर 0-0 होता. ती घ्यायला आला ऑस्कर कार्दोसो. याच कार्दोसोने तीनच महिन्यांपूर्वी बेनफिकाकडून खेळताना लिव्हरपूलच्या रेइनाला दोन पेनल्टी मारल्या होत्या. तो कुठे मारतो हे रेइनाने कासियासला सांगून ठेवलं होतं. कासियासने चेंडू नुसता अडवला नाही, धरून ठेवला. स्पेन 1-0 जिंकलं, आणि पुढे वर्ल्ड कपही. श्रेय रेइनाचं आहे हे कासियासने नंतर स्वतः सांगितलं.

हे तुम्हाला का सांगतेय? माझे बाबा साताऱ्याला असतात, त्यांना पार्किन्सन्स आहे. त्यांच्याजवळ दादा आणि वहिनी आहेत; मैदानात ते दोघं उभे आहेत. मी सात समुद्रांपलीकडे पासपोर्ट वरच्या खणात ठेवून बसलेली. माझी पाळी यायची तर तिकडे काहीतरी वाईट घडावं लागेल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असणार. अवेळी फोन वाजला की छातीत काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको.

बाकावर बसून ओरडणं सोपं असतं. “फिजिओ बदला”, “दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा” असं इथून कुणीही म्हणेल. रेइनाने ते केलं नाही. स्वतः अनुभवलेली एकच गोष्ट त्याने वेळेवर सांगितली. उडी मात्र कासियासची होती.

आणि वर्षातून एकदा आपलीही ‘कोपा’ असते. मी तीन आठवडे जाते. औषधांच्या वेळा, बाबांचं अंघोळपाणी, रात्रीचं उठणं, सगळं माझ्याकडे. त्या दिवसांत दादा-वहिनींनी घरात थांबायचं नाही, हा आमचा नियम. यंदा फेब्रुवारीत जातेय. वहिनीने गणपतीपुळ्याचं बुकिंग आत्ताच करून टाकलंय.