लिव्हरपूलच्या ‘टेकडी’वरचें गाणें

इंग्लंडच्या वायव्य भागांत, मर्सी नदीच्या मुखाशीं, लिव्हरपूल हें जुनें बंदर आहे. आमची कन्या व जांवई तेथें राहतात. गेल्या वर्षीं त्यांच्याकडे गेलों असतां एका शनिवारीं जांवई म्हणाले, “बाबा, आज फुटबॉलचा सामना पाहायला चला. खेळ नाहीं आवडला तरी गाणें आवडेल.” आम्ही नाखुषीनेंच निघालों. फुटबॉलचे प्रेक्षक म्हणजे आरडाओरड, शिवीगाळ आणि प्रसंगीं मारामारी, अशी आमची दृढ समजूत होती. शिवाय या विषयांत आमच्या पदरीं एक जुनें अपयश आहे. तें पुढें सांगूं.

ॲनफील्ड नांवाचें तें मैदान शहराबाहेरच्या माळावर नाहीं. लाल विटांच्या, एकास एक लागून असलेल्या घरांच्या रांगांतच तें उभें आहे. गल्लींतून वळतां वळतां एकाएकीं त्याच्या प्रचंड भिंती समोर येतात. सुमारें ६१ हजार प्रेक्षक तेथें मावतात. एका गोलामागील चढत्या बैठकीस ‘कॉप’ म्हणतात. हा शब्द दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ टेकडी. जानेवारी १९०० मध्यें नाताळ प्रांतांतील स्पिऑन कॉप या टेकडीवर लढाई झाली व तींत लँकेशायर परगण्याच्या पलटणींतील पुष्कळ सैनिक पडले. पुढें १९०६ सालीं येथें प्रेक्षकांसाठीं उंच चढण बांधली, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ तिला हें नांव मिळालें. त्याच टेकडीवरून जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या हिंदी शुश्रूषा-पथकाचे पुढारी मोहनदास गांधी हे होते, हें आठवून आम्हांस ती जागा अगदींच परकी वाटेना.

खेळ सुरू होण्यापूर्वीं ध्वनिवर्धकावर एक गीत लागलें आणि सर्व लोक उभे राहिले. लाल गळपट्टे दोन्ही हातांनीं डोक्यावर ताणून धरलेले. थोड्या वेळानें यंत्र थांबलें, पण गाणें थांबलें नाहीं. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हें त्याचें नांव. ‘तुला एकट्यानें चालावें लागणार नाहीं’ असा त्याचा आशय. मूळ गीत १९४५ सालच्या एका अमेरिकन संगीत नाटकांतलें. १९६३ मध्यें लिव्हरपूलच्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या गायकमंडळीनें तें गाइलें व तें घरोघर झालें. त्या काळीं सामन्यापूर्वीं मैदानावर लोकप्रिय तबकड्या वाजवीत. लोक त्यांबरोबर गात. हें गीत लोकांनीं जें धरलें तें पुन्हा सोडलें नाहीं.

आमच्या मास्तरी कानानें त्यांतील मर्म शोधूं लागलों. चाल संथ आहे, त्यामुळें हजारों कंठ मागेंपुढें होत नाहींत. आरंभ खालच्या स्वरांत, म्हणून बेसुऱ्यासही भीति नाहीं, चढण हळूहळू. शब्द थोडे आणि सोपे. वर छप्पर असल्यानें आवाज विरून न जातां परत येतो. आणि मुख्य म्हणजे त्यांत प्रतिपक्षाची निंदा मुळींच नाहीं. आपल्याकडे कीर्तनांत बुवांनीं पद सोडलें कीं टाळकऱ्यांपासून दाराशीं उभ्या असलेल्या गड्यापर्यंत सर्वजण ध्रुवपद उचलतात, तशांतलाच हा प्रकार. आमच्या पुढें एक वृद्ध गृहस्थ नातवास घेऊन उभे होते. मुलगा शब्द चुकला कीं ते खालीं वाकून त्याच्या कानांत सांगत. घरच्या आरत्या आम्ही अशाच शिकलों.

सामना संपल्यावर जांवयांनीं बाहेरील स्मारकापाशीं नेलें. तेथें ९७ नांवें कोरलेलीं आहेत. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा सामना पाहावयास गेलेले हे लोक चेंगरून मृत्यु पावले. प्रेक्षक म्हणजे दांडगाई, असें गृहीत धरून त्या काळीं त्यांच्यापुढें उंच लोखंडी कुंपणें घातलीं जात. गर्दी आंत लोटली तेव्हां पुढच्यांना बाहेर पडतां येईना. वर दोषही त्यांनाच दिला गेला. तो खोटा होता, प्रेक्षकांचें वर्तन कारण नव्हतें, हा न्यायपंचांचा निर्णय यावयास २०१६ साल उजाडलें. इतकीं वर्षें मृतांच्या कुटुंबांस या शहरानें एकटें चालूं दिलें नाहीं. त्या गीताचा अर्थ आम्हांस तेथें खरा कळला.

आणि आमचें अपयशही तेथेंच आठवलें. आम्ही शिक्षक असतांना आंतरशालेय सामन्यांत आमचीं मुलें प्रतिपक्षास हिणवणाऱ्या घोषणा देत. आम्हीं कडक ताकीद देऊन सर्वांस गप्प बसविलें. तेव्हां एका मुलानें विचारलें, “मग काय म्हणायचं, सर?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं, डोळे मात्र वटारले. पुढच्या वर्षीं सामना पाहावयास मुलें फारशीं आलींच नाहींत. आम्हीं त्यास शिस्त समजलों.

गाणें टिकविण्यास व्यवस्थाही लागते. हिल्सबरोनंतर इंग्लंडांतील मोठ्या मैदानांवर सर्वत्र आसनें आलीं. १९९४ सालीं कॉपवरील उभे राहणें बंद झालें. सुरक्षितता वाढली, हें योग्यच. पण आवाज मंदावला, अशी जुन्या लोकांची तक्रार राहिली. २०२२ पासून आसनांपुढें कठडे बसवून ठराविक भागांत उभे राहण्यास पुनः परवानगी मिळाली आहे. दुसरी गोष्ट तिकिटांची. २०१६ च्या फेब्रुवारींत कांहीं जागांचें तिकीट ७७ पौंड होणार असें ठरलें, तेव्हां ७७ व्या मिनिटाला हजारों प्रेक्षक उठून चालते झाले. चालकांनीं ती वाढ मागें घेतली. आजोबा व नातू शेजारीं उभे राहूं शकले नाहींत, तर शब्द कानांत सांगणार कोण?

आपल्या कोल्हापुरांतही फुटबॉलचें वेड मोठें आहे. तेथील तालमी संघ उभे करतात आणि पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. अशा ठिकाणीं प्रत्येक तालमीनें आपल्या पेठेच्या अभिमानाचें चार ओळींचें, संथ चालीचें एक पद करून घ्यावें. वीस-पंचवीस मुलांनीं एके ठिकाणीं उभें राहून तें उचलावें. शाळांनीं तें शिकवावें. माता-भगिनींस निःसंकोच बसतां येईल अशी जागा राखावी. नुसत्या मनाईनें तोंडें बंद होतील, पण मनें एकत्र येणार नाहींत.

त्या मुलाचा ठावठिकाणा आम्हांस ठाऊक नाहीं. तो आज मध्यमवयीन गृहस्थ असेल. हा लेख त्याच्या घरीं वाचला गेला, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आमच्याकडून फार उशीर झाला, हें त्यानें पोटांत घालावें.