डोकं थंड ठेवायचे अडीच हजार

एप्रिल २०२४. दुपारचे तीन. डोंबिवलीतलं आमचं घर टॉप फ्लोअरला, वर थेट गच्ची. अठरा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावलेला, ८० टक्के झालेला, पाच वाजता क्लायंटला पाठवायचा होता... आणि लॅपटॉप बंद! एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. हात लावला तर नुसता तवा. उघड्या फ्रीजसमोर धरून (हो, धरला. हसू नका) पुन्हा चालू केला, पुन्हा ६० टक्क्यांवर झोपला. व्हिडिओ पोचला रात्री दहाला. कुणी रागावलं वगैरे नाही. फक्त पुढच्या महिन्यापासून त्यांचे मेल यायचे बंद झाले. फ्रीलान्सरला कुणी काढून टाकत नाही, विसरून जातात.

डेस्कटॉप घ्यायचा हे त्याच रात्री ठरलं. हातात ४० हजार होते, सहा महिने थकलेल्या एका बिलाचे. माझा धाकटा मावसभाऊ तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड तो मला फुकट देणार होता, पण साहेबांची एक अट होती. ‘ताई, मशीन आपणच जोडायचं. आणि ओव्हरक्लॉक करायचं!’

मी मास कॉमवाली. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे रात्र-रात्र गेम खेळणाऱ्या मुलांचा उद्योग, एवढंच माझं ज्ञान. प्रकरण तसं सोपं आहे. कंपनी प्रोसेसरवर जो वेग छापते, तो त्या मॉडेलचा कच्च्यातला कच्चा तुकडाही पाळू शकेल असा असतो. त्यामुळे बऱ्याच तुकड्यांत थोडी ढील शिल्लक राहते. ती ढील वापरायची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला होता. ३०० मेगाहर्ट्झचा. बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की तोच ४५० वर पळायचा आणि कितीतरी महागड्या पेंटियमच्या पंगतीत जाऊन बसायचा. म्हणजे हा श्रीमंतांचा शौक नव्हताच मुळी, खिशात कमी असणाऱ्यांचा जुगाड होता. हे ऐकल्यावर मला त्यात एकदम रस वाटायला लागला!

पुढच्या शनिवारी आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं कुणी म्हणत नाही. काउंटरवरच्या माणसानं भावाकडे बघून विचारलं, ‘गेमिंग के लिए?’ मी म्हटलं, ‘मला हवाय. व्हिडिओ एडिटिंगला.’ त्यानं मान डोलावली आणि पुढचा सगळा भाव पुन्हा भावालाच सांगितला. असो. अशा वेळी वहीत लिहून आणलेलं काढून वाचायचं असतं. मी तेच केलं.

वहीत पहिलं वाक्य होतं, ‘लॉक आहे का बघ.’ कारण सगळे प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाहीत. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ लागतं आणि मदरबोर्ड झेड सीरिजचा लागतो. दोन्ही महाग, आणि ‘के’वाल्याबरोबर पंखाही मिळत नाही. आय५-१२४००एफ हा चांगला आणि परवडणारा प्रोसेसर, पण कुलूपबंद. एएमडीच्या रायझनमध्ये कुलूप नसतं (एखाद-दुसरा अपवाद सोडा), आणि बी४५० किंवा बी५५० असा मधल्या किमतीचा बोर्डही चालतो. नेमका इथेच दुकानदार ए५२० पुढे सरकवत होता, ‘डेढ हजार सस्ता’ म्हणून. त्या बोर्डवर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. दीड हजार वाचवायचे आणि ज्यासाठी आलो तेच घरी न्यायचं नाही!

मग उरले तीन. रायझन ५ ५५००, ५६०० आणि ५६००एक्स. तिघेही सहा कोअरचे. ५५०० स्वस्त, पण त्यात कॅशे मेमरी निम्मी, १६ एमबी. ५६०० मध्ये ३२. ५६०० आणि ५६००एक्समध्ये फरक काय, तर बूस्टचा वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.६. बाकी जवळजवळ जुळी भावंडं. आणि हा वरचा वेग तर आपण स्वतःच चढवणार होतो! त्या ‘एक्स’साठी दोनेक हजार जास्त मोजायचे कशाला? ५६०० घेतला. एएमडीचा नवा एएम५ सॉकेट २०२२ मध्येच आला होता, पण त्याचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम धरली तर माझे ४० हजार निम्म्या रस्त्यातच संपत होते.

इथवर मी शहाणी. पुढे माती खाल्ली. भाऊ म्हणाला, ‘ताई, वाचलेल्या पैशांत कूलर घे.’ डीपकूलचा एके४०० समोरच ठेवलेला होता, अडीच हजारांच्या आसपास. मी म्हटलं, बॉक्समध्ये रेथ स्टेल्थ कूलर फुकट येतोय, आधी तो वापरून बघू. आपलं मध्यमवर्गीय ‘आधी वापरून बघू’!

आठवडाभर वापरला. दुपारी खोलीत ३६ अंश, एक्स्पोर्ट लावला की पाचव्या मिनिटाला प्रोसेसर नव्वदीला टेकायचा. त्याची मर्यादाच ९० अंशांची. मग जीव वाचवायला तो स्वतःच वेग कमी करायचा, ४ गिगाहर्ट्झपर्यंत. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. आपण रिव्ह्यू बघतो ते बहुतेक परदेशातल्या २०-२१ अंशांच्या खोलीतले. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीच्या वर किती अंशांवर तो रोखतो, एवढीच त्याची ताकद. पन्नास अंशांवर रोखणारा कूलर तिकडे ७१ दाखवणार, आमच्या गच्चीखाली ८६. म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला जी जागा त्यांच्याकडे असते, ती एप्रिलमध्ये माझं छप्परच खाऊन टाकतं. शिवाय आजकालचे प्रोसेसर उरलेली ढील बूस्टच्या नावाखाली आपणहून वापरतात, पण थंड असतील तरच. मी कूलरचे पैसे वाचवून प्रोसेसरचे थोडे पैसे वाया घालवत होते.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. जायच्या आधी आईच्या शिवणाच्या टेपनं कॅबिनेटची आतली रुंदी मोजली, कारण हे टॉवर कूलर उंच असतात. एके४०० १५५ मिलीमीटरचा. बोर्डापासून बाजूच्या काचेपर्यंत १६० भरले. बसणार! भावाला रंगीत दिव्यांचा लिक्विड कूलर हवा होता. किंमत ऐकून मी त्याला चहा पाजला आणि स्टेशनकडे वळवलं.

आता खरा किस्सा. घरी येऊन मी जुना कूलर काढायला घेतला. चार स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. ‘टक्’ आवाज झाला. कूलर हातात आला आणि त्याला खाली चिकटून प्रोसेसरही! सॉकेटच्या खटक्यात असलेला प्रोसेसर उपटून आला होता. या जातीच्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, केसासारख्या. एका कोपऱ्यातल्या चार वाकल्या होत्या. भाऊ काही बोलला नाही, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. अकरा हजारांची वस्तू. पिना वाकल्या तर वॉरंटी नाही, आणि ओव्हरक्लॉक केलं तरी कंपनी वॉरंटी मानत नाही. सोमवारी दोन व्हिडिओ द्यायचे होते.

शाळेतली पेनपेन्सिल सापडली. शिसं काढून टाकलं, तिचं रिकामं टोक एकेका पिनेवर चढवलं आणि हळूहळू सरळ केलं. भाऊ मोबाइलचा टॉर्च धरून उभा. पंखा बंद, दोघंही घामाघूम. तासाभरानं प्रोसेसर वजन न टाकता, आपोआप सॉकेटमध्ये बसला. मशीन चालू झालं, रॅम पूर्ण दिसली. मी जमिनीवरच बसून घेतलं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा. आधी मशीन दहा मिनिटं राबवा, म्हणजे मधली पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि सुटल्यावरच उचला.

नव्या कूलरवर, काहीही न वाढवता, तेच काम, तीच दुपार, ७४ अंश! जो व्हिडिओ आधी ३४ मिनिटं घ्यायचा, तो ३१ मध्ये झाला. मग आम्ही बायोसमध्ये शिरलो. बेस क्लॉक १००, त्याला गुणक ४७. व्होल्टेज १.२५. विंडोज सुरू झालं, सिनेबेंच लावलं, अकराव्या मिनिटाला निळा स्क्रीन. भाऊ म्हणाला, ‘व्होल्टेज वाढव.’ नवशिके तिथेच फसतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, १.२ चे १.३ केले तर वेग न वाढवताही सुमारे १७ टक्के जास्त. मी व्होल्टेज सोडून गुणक खाली आणला. ४६ वर सिनेबेंच अर्धा तास नीट चाललं, पण खऱ्या एक्स्पोर्टला मशीन गचकलं. ४५ वर, १.२ व्होल्टला, रात्रभर चाललं. दुपारी ८२ अंश, २९ मिनिटं.

म्हणजे बघा, पाच मिनिटं वाचली. त्यातली तीन कूलरनं दिली, दोन ओव्हरक्लॉकिंगनं. भावाला हे आजही पटत नाही. त्याच्या मते दोन्ही त्याची आयडिया, त्यामुळे पाचही त्याचीच.

मे महिन्यात मी गुमान सगळं मूळ सेटिंगवर आणून ठेवलं. जूनमध्ये पाऊस लागला, खोली २९ वर आली, तेव्हा पुन्हा ४५. आता दर वर्षी हेच. आई लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवते, साधारण त्याच आठवड्यात मी गुणक चढवते. फुकटचा तो रेथ स्टेल्थ बरण्यांच्या शेजारीच पडलाय, पेनपेन्सिलीसकट.